सिस्टरने सांगितलेला शेवट

उमरखेडला आमच्या गल्लीत कौसल्या सिस्टर राहतात. नोकरीत असताना त्या फुलसावंगीकडच्या एका उपकेंद्रावर नर्स होत्या. तांड्यावर, वाडीवर, चिखल तुडवत जाऊन बॅटरीच्या उजेडात त्यांनी बाळंतपणं केली. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्या, तरी नाव सिस्टरच राहिलं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि सुनेचं नाव समीक्षा आहे असं कळलं, तेव्हा आमच्या शेजारच्या हंसाबाई म्हणाल्या होत्या, "सिस्टरले पुस्तकाचा एवढा नाद, का सून बी समीक्षाच पाहून आणली."

नाद म्हणजे एकाच पुस्तकाचा. त्याचं नाव 'सातवी कक्षा', लेखक श्री. मा. आमडापूरकर. आमडापूरकर म्हटलं की सगळ्यांना 'आखरावरचा दिवा' ही कादंबरी आठवते. आखर म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा होतात ती जागा. आम्हाला शाळेत त्यातला धडा होता. बैल मरतो तो. शिकवताना आमच्या बाईंचे डोळे भरून आले होते. गाव, गोठा, शेत यावर लिहिणाऱ्या त्या माणसाने एक कादंबरी आकाशातलीसुद्धा लिहिली होती, हे कोणाच्या गावीही नव्हतं. आमच्या वाचनालयाच्या तर नव्हतंच नव्हतं. कक्षा म्हणजे ग्रह ज्या वाटेने फिरतो ती वाट. पण आपल्याकडे हिंदी बोलण्यात इतकी मिसळलेली, की कक्षा म्हटलं की वर्गच डोळ्यापुढे येतो. कोणीतरी नाव वाचलं आणि पुस्तक सातवीच्या गाइडांच्या कप्प्यात ठेवून दिलं.

सिस्टरचा मुलगा तेव्हा सातवीत होता. एका सुट्टीच्या दिवशी त्या उमरखेडला आल्या, वाचनालयातून त्याच्यासाठी ते घेऊन गेल्या. मुलाने दोन पानं वाचली आणि म्हणाला, "आई, ह्यातले लोक तं पृथ्वीवरच नाहीत. परीक्षेत काय लिहू?"

मग ते सिस्टरनीच वाचलं. आणि तेव्हापासून सोडलं नाही.

गोष्ट अशी की एक यान एका दूरच्या ग्रहाभोवती फिरतं आहे. खाली उतरता येत नाही, घरी परतता येत नाही. यानात मंदाकिनी नावाची नर्स आहे. तिथे वजन नाही, वर नाही, खाली नाही, आणि अशात एका बाईला कळा सुरू होतात. सिस्टर म्हणायच्या, "मले वाटलं, ह्या माणसानं माझी ड्युटी पाह्यली हाय. तांड्यावर झोपडीत एकटीनं बाळंतपण कराले बसलं का आपल्याले बी वर-खाली काही समजत नाही."

पण त्यांचं खरं प्रेम शेवटावर होतं. शेवटच्या प्रकरणात यान नाहीच. दिवेलागणीला एक म्हातारा एका गावात येतो. कोणी त्याला ओळखत नाही. एका घराच्या ओसरीवर म्हातारी तांदूळ निवडत बसलेली असते. ती मान वर करत नाही. "उशीर केला," एवढंच म्हणते आणि सरकून त्याला जागा देते. पुस्तक संपतं.

"मधात किती वर्षं गेली, थो खाली कसा उतरला, काहीच नाही सांगतलं," सिस्टर समजावून सांगायच्या. "थे लेखकानं मुद्दाम सोडलं. थे आपण भरायचं. मोठा लेखक असाच असते."

शनिवारी दुपारी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत आमचं बायांचं वाचक मंडळ बसतं. तिथे हा शेवट सगळ्यांना पाठ झाला होता. मला स्वतःला तो फार आवडायचा. मी पोथी वाचणारी बाई. आपली जागा कोणीतरी राखून ठेवली आहे, हे ऐकलं की मन निवतं. सिस्टर तो शेवट फक्त मंडळात सांगून थांबत नसत. कोणाच्या घरी माणूस गेलं, की त्या भेटायला जायच्या, हात धरून बसायच्या आणि हळूच ती गोष्ट सांगायच्या. हंसाबाईंचे मालक अचानक गेले तेव्हा तर त्या रोज जात. हंसाबाई तोंडाने फटकळ. कोणाचं सांत्वन घेणारी बाई नाही ती. पण तो म्हातारा-म्हातारीचा शेवट मात्र त्या पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. त्यांची सासूही खाटेवर पडून ऐकायची. मुलगा गेल्यापासून आजींनी बोलणंच टाकलं होतं. ती गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "जागा ठेवा लागते."

मागच्या हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्यातल्या वाचनालयांचा मेळावा ठरला. प्रत्येक तालुक्याने एक दुर्लक्षित राहिलेलं पुस्तक सुचवायचं, त्यावर बोलायचं, आणि ज्याला जास्त हात वर होतील ते पुस्तक वर्षभर गावोगावच्या वाचनालयांत वाचलं जाणार. शिवाय प्रकाशकाला सगळ्यांच्या सह्यांनी कळवणार, की हे पुन्हा छापा. आमचे ग्रंथपाल श्रावणभाऊ सिस्टरकडे आले आणि म्हणाले, "सिस्टर, आता तुमचा ग्रह जिल्ह्याले दाखवा."

आम्ही एसटीने निघालो. सिस्टर, समीक्षा, हंसाबाई, मी आणि श्रावणभाऊ. महागाव येईपर्यंत सिस्टर मनातल्या मनात पाठ म्हणत होत्या. ओठ नुसते हलत होते.

"मंत्र जपून राह्यल्या का?" हंसाबाईंनी विचारलं.

"पहिलं वाक्यच इसरली मी."

"मंग शेवटापासून सुरू करा. थे तं आमाले बी येते."

आर्णीला चहा घेतला तेव्हा सिस्टरनी पर्समधून देवाचा अंगारा काढून आधी पुस्तकाला लावला, मग स्वतःला. आम्ही हसलो. त्याही हसल्या.

मेळाव्यात सिस्टर छान बोलल्या. नर्सबाईचा आवाज, माइक नसता तरी चाललं असतं. कक्षा आणि गाइडांचा किस्सा सांगितला तेव्हा सभागृह हसलं. यानातलं बाळंतपण सांगितलं तेव्हा पुरुषांनीसुद्धा खाली पाहिलं. आणि शेवटी आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "म्हातारी मान वर करत नाही. 'उशीर केला' म्हणते. सरकून जागा देते." टाळ्या वाजल्या. समीक्षा मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. तिने तिथूनच गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आमच्या आई'.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. ते नेरचे इंद्रजित मानकर सर, निवृत्त शिक्षक. त्यांच्या तालुक्याचं पुस्तक वेगळंच होतं. पण कार्यक्रमपत्रिकेत 'सातवी कक्षा' पाहून त्यांना राहवलं नाही, म्हणून ते पहिल्या गाडीने आले होते.

"ताई," ते म्हणाले, "मला वाटत होतं जिल्ह्यात या पुस्तकाचा वाचक मी एकटाच आहे. आज फार आनंद झाला. पण माझी काही चूक होत असेल तर सांगा. हा शेवट या पुस्तकात नाही."

सिस्टर हसल्या. "सर, तुमी वाचून इसरले असान."

"मी दरवर्षी वाचतो, ताई."

त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली. आयोजकांनी त्यांना वर बोलावलं. दोघांची पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बाळंतपणापर्यंत, त्याच्यापुढेही बरंच, पानाला पान जुळत होतं. मग एका ठिकाणी सरांनी बोट ठेवलं. आमच्या वाचनालयाच्या प्रतीत तिथून कागद जरा वेगळ्या रंगाचा होता. कधीकाळी फाटकी पुस्तकं बांधायला दिली असतील, आणि बांधणाऱ्याने ह्या पुस्तकाची सुटलेली पानं गमावून दुसऱ्या कोण्या पुस्तकाची शेवटची पानं त्यात शिवून टाकली. मग कडा सारख्या करायला यंत्राखाली इतकं कापलं, की खालचे पानांचे आकडे पण गेले. आकडे असते तर कोणीही ओळखलं असतं.

"मंग हे आमडापूरकरांच्या दुसऱ्या पुस्तकातलं असन," सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

सरांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "नाही ताई. आमडापूरकर आपल्या वऱ्हाडचे. ते जन्मात ओसरी लिहिणार नाहीत. छपरी लिहितात. 'आखरावरचा दिवा'मध्ये पाहा, सगळीकडे छपरीच आहे."

मी खाली पाहिलं. आमच्या घराला छपरी आहे. हंसाबाईंच्या घराला छपरी आहे. इतकी वर्षं त्या ओसरीचं आम्ही ऐकत होतो आणि आम्हा बायांपैकी एकीलाही ते खटकलं नव्हतं.

सूत्रसंचालन करणारा तरणा पोरगा होता. वातावरण हलकं करायला त्याने माइक घेतला. "म्हणजे ताईंनी एका तिकिटात दोन पिक्चर पाहिले!" मागून हशा पिकला. पुढचेही हसले. सिस्टर व्यासपीठावर उभ्याच होत्या. उतरावं की थांबावं हे त्यांना कळेना. पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग माइकमध्ये "माफ करा" म्हणाल्या, पण माइक तोवर त्या पोराच्या हातात होता. कोणाला ऐकू गेलं नाही.

हात वर झाले ते दुसऱ्याच पुस्तकासाठी. आमच्या पुस्तकाला सरांचा हात आणि आमचे. सिस्टरनी स्वतःचा हात वर केला नाही. निघताना सरांनी आपली प्रत त्यांच्या हातात ठेवली. "खरा शेवट वाचा ताई. मग पाठवा सावकाश." सिस्टरनी ती पिशवी नवजात बाळ घेतात तशी दोन्ही हातांत घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

येताना एसटीत हंसाबाई एकट्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. समीक्षा म्हणाली, "आई, मी व्हिडिओ डिलीट केला."

"सगळ्यायच्या मोबाइलमधून?"

समीक्षाने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "फक्त माझ्या, आई."

त्यानंतर सिस्टर शनिवारी यायच्या बंद झाल्या. देवळात यायच्या त्या दुपारच्या वेळी, पुजारी जेवायला गेलेला असताना. भाजीवाला आला तर समीक्षाच बाहेर यायची. गल्लीत पोरं एकमेकांना उशिरा आल्यावर "उशीर केला" म्हणून चिडवू लागली. ते वाक्य कुठून आलं, हेही त्यांना माहीत नसेल. पण सिस्टरच्या खिडकीतून ते ऐकू जात असणार.

मी वाटीभर तिळाची चटणी घेऊन गेले. सिस्टर आतल्या खोलीत बसल्या होत्या. सरांची पिशवी देवघराशेजारी फडताळात तशीच होती, गाठ न सोडलेली.

"वाचलं नाही?" मी विचारलं.

"भेव वाटते."

"कायचं भेव, सिस्टर? चूक बांधणाऱ्याची हाय. तुमची थोडीच हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, साऱ्या नोकरीत मी लेबल न वाचता सुई भरली नाही. पेशंट बोंबलत असला, नातेवाईक शिव्या देत असले, तरी बाटली उजेडात धरून आधी लेबल वाचलं. आणि हे? घरोघरी जाऊन टोचून आली. लोकायच्या मयतीच्या घरी. हंसाबाईले किती डाव सांगतलं मी? आजीले सांगतलं. दुसऱ्याच बाटलीतलं होतं थे."

"गुण तं आला ना?"

"तसं नका म्हणू!" त्या इतक्या जोरात बोलल्या की समीक्षा दारात आली. मग आवाज उतरला. "थेच तं सारे म्हणतात. गुण आला, मंग लेबल कायले पाह्यता. असंच म्हणून माणसं मारतात वं."

माझ्याजवळ माझी पोथीच होती. म्हटलं, "सिस्टर, पारायणात अध्याय चुकला तर आपण काय करतो? हात जोडतो आणि पहिल्यापासून धरतो."

"पोथीले देव माफ करते. ह्याले कोण करन?"

मी रिकामी वाटी घेऊन घरी आले. देवापुढे दिवा लावताना मलाच लाज वाटत होती, शहाणपण सांगून आल्याची.

पण पुढच्या शनिवारी सिस्टर आल्या. हातात सरांची प्रत. आम्ही बसलेल्या होतो तिथे येऊन म्हणाल्या, "मी पहिल्यापासून वाचतो. शेवट मी अजून पाह्यला नाही. तुमच्यासंगंच पाहीन. ज्याले बसायचं थे बसा."

हंसाबाई भिंतीला टेकून होत्या. "आता कोणाचा शेवट शिवून आणला, सिस्टर?"

एकदोघी फिस्सकन हसल्या. सिस्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान वाचायला सुरुवात केली.

असे बरेच शनिवार गेले. पूर्वीसारखं त्या मध्ये थांबून काही समजावून सांगत नव्हत्या. लिहिलंय तेवढंच वाचायच्या, आणि पान संपलं की बोटाने पानाचा आकडा पाहून मगच उलटायच्या. सुरुवातीला मला ते पाहवत नव्हतं. दोन बायका यायच्या थांबल्या. हंसाबाई मात्र एकदाही चुकल्या नाहीत. टोमणे मारत, पण येत राहिल्या. मला वाटतं, त्यांना शेवट पाहायचा होता.

शेवटच्या शनिवारी खरं प्रकरण आलं. यानात जन्मलेलं पोर आता बोलायला लागलं आहे. यंत्रातून पृथ्वीवरून आवाज येतो, यानातल्या एकेकाचं नाव घेतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून घेतो. पोर विचारतं, "हे कोण?" मंदाकिनी म्हणते, "आपल्याला हाक मारतात." "मग आपण ओ का देत नाही?" मंदाकिनी म्हणते, "इथली ओ तिथे पोचेपर्यंत हाक मारणारे उरत नाहीत." ती दुसऱ्या कामाला जाते. पोर तसंच यंत्राकडे तोंड करून बसतं, आणि म्हणतं, "ओ."

सिस्टरनी पान उलटलं. मागे कोरं होतं. "एवढंच हाय," त्या म्हणाल्या.

सगळ्यात आधी हंसाबाई बोलल्या. "मंग थो म्हातारा?"

"थो ह्यातला नाही."

"परत येतच नाही कोणी?"

"नाही." सिस्टरनी पुस्तक मिटलं. "हंसाबाई, तुमच्या घरी येऊन मी जे सांगतलं, थे कोण्या पुस्तकातलं हाय मले माहीत नाही. मी न पाहता सांगतलं. मोठ्या लेखकाचं नाव घेऊन सांगतलं. माफी मांगतो."

"माफीचं मी काय करू?" हंसाबाई उभ्या राहिल्या. "मी तं समजून घेईन. सासूले काय सांगू? थे बुढी रोज संध्याकाळी छपरीत सरकून बसते. जागा ठेवून. मी कसं सांगू तिले का थे खोटं निंगालं?"

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सिस्टर पांढऱ्या पडल्या. त्यांनी पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवला. मला वाटलं, आता ह्या पुन्हा घरात कोंडून घेणार. पण त्या उठल्या. "मी सांगतो. चाला."

"आत्ता?"

"आत्ताच. घरी गेली का माह्यानं निंघणं होणार नाही."

हंसाबाई पुढे, सिस्टर मागे, आणि राहवलं नाही म्हणून मीही मागोमाग. आजी छपरीत खाटेवर बसल्या होत्या, एका कडेला. दुसरी कडा मोकळी. सिस्टर तिथे बसल्या नाहीत. खाटेसमोर खाली जमिनीवर बसल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "मी तुमाले थे गोष्ट सांगतली होती ना, म्हाताऱ्याची. थे चुकीची होती."

आजींना आता कमी ऐकू येतं. "काय?"

"थे गोष्ट! चुकीची होती!"

"कोणती?"

"म्हाताऱ्याची! परत आलेल्या! मी चुकीची सांगतली!"

समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबला. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तरी त्यांनी आवाज कमी केला नाही. "माफ करा आजी! थे त्या पुस्तकातली नव्हतीच!"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ऐकू आलं की नाही, आलं तर कळलं की नाही, काही कळेना. मग त्यांनी खाटेवर मोकळ्या कडेला हात ठेवला. तो हात तिथेच राहू दिला.

"मंग खरी कोणती?" त्यांनी विचारलं.

हंसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरकडे. त्या शेवटाला घाबरत होत्या, हे मला दिसत होतं. ज्या बाईचा मुलगा गेला तिला ती 'ओ' कशी सांगायची? पण त्यांनी पुस्तक उघडलं, पहिलं पान काढलं, आकडा पाहिला.

"एक यान होतं, आजी."

"काय होतं?"

"यान!" सिस्टर ओरडल्या. दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. "विमानासारखं! आकाशातलं!"

"बरं," आजी म्हणाल्या. "मंग?"